निळा गिअर

प्रतीक्षाने पाचवा स्क्रू काढला आणि पुठ्ठ्यावर त्याच्या जागी खोचला. पुठ्ठ्यावर मोटारीच्या झाकणाचा आकार तिने आधीच पेन्सिलीने काढून ठेवला होता, म्हणजे कुठला स्क्रू कुठला ते नंतर शोधायला नको. सायकल ओसरीत आडवी होती, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून तिचा नवरा, कृष्णराज, मस्कतहून बघत होता.

“आता झाकण हळू उचल. पाना घालून उचकटू नको.”

“माहितीय.”

“मिक्सर उघडतानाही असंच म्हणाली होतीस.”

“मिक्सर चालतोय अजून.”

पाय लांब करून भिंतीला टेकलेले तिचे सासरे, बलभीमअण्णा, हसले. “चालतोय की. गल्ली जागी हुती निस्ती.”

दीड वर्षापूर्वी, मस्कतला लिफ्टच्या कामावर जायच्या आधी, कृष्णराजने तिच्या साध्या सायकलीला पायडलपाशी ही मोटार बसवून दिली होती. ती शिकवायची ती शाळा घरापासून पाच किलोमीटर, बराचसा चढ. महिनाभर झाला, चढावर मोटार किरकिरत होती. आज शनिवार; तिची सकाळची शाळा आटोपलेली, त्याला सुट्टी. उद्या त्याला कंपनीला कळवायचं होतं, करार आणखी दोन वर्षांनी वाढवायचा की महिनाअखेर परत यायचं. “तुला काय वाटतं?” असं त्याने गुरुवारी विचारलं होतं. “तुम्हाला योग्य वाटेल ते करा,” असं ती म्हणाली होती, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ होती तिथेच उभी राहिली होती. त्यानंतर तो विषय कुणी काढला नव्हता.

झाकण सुटलं. आत पिवळं, घट्ट ग्रीस कडेकडेने साचलं होतं. मधले दात मात्र कोरडे.

“हे कुणी घातलं?”

बलभीमअण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“म्या. खंडेनवमीला. समदी औजारं पुजली, ट्रॅक्टरला ग्रीस घातलं. मग म्हनलं हिलाच का उपाशी ठिवायचं? दोन स्क्रू ढिलं केलं आन् फटीतनं गन लावली.”

“अण्णा, ते जड ग्रीस फिरून कडेला जातं. दातांना मिळतच नाही.”

“आपला ट्रॅक्टर कधी कुरकुरला न्हाय बाबा. तुमचंच लई नाजूक.”

प्रतीक्षा फडक्याने पिवळं ग्रीस पुसत गेली. खालून प्लास्टिकचा निळा गिअर वर आला. तिने तो अलगद काढला, दातांच्या फटी टूथब्रशने साफ केल्या आणि मोबाइलसमोर धरला. दात टोकाशी निमुळते झाले होते, एका बाजूने जास्त.

कृष्णराज बघत राहिला.

“नुसत्या ग्रीसनं एवढा झिजत नसतो. मीटर किती झालंय?”

बॅटरी काढण्याआधी तिने आकडा वहीत टिपून ठेवला होता. कुठलंही काम सुरू करताना आधीची नोंद घ्यायची, ही तिची शाळेतली सवय. त्या सवयीनेच तिने तो वाचून दाखवला.

“सात हजार एकशे चाळीस.”

वाचला, आणि मग ती थांबली.

“शाळेचे रोज दहा,” तो मनातल्या मनात मांडत म्हणाला. “दीड वर्षात शाळेचे तीनशे तीस दिवस धर. तेहतीसशे झाले. वरचे अडतीसशे चाळीस कुठले? हे तर रोजचे सात पडतात.”

घरापासून जळकोटचा हायवेवरचा थांबा साडेतीन किलोमीटर. जाऊन-येऊन सात. विमान गाठायला कृष्णराज तिथूनच हैदराबादच्या गाडीत चढला होता. प्रतीक्षा स्वच्छ झालेला दात पुन्हा पुसू लागली.

“म्या नेतो,” बलभीमअण्णा म्हणाले.

“काय नेता?”

“सायकल. रोज सांजच्याला. जळकोटला.”

अण्णांचा उजवा गुडघा तीन वर्षांपासून वाकत नव्हता. आताही तो पाय त्यांच्यापुढे काठीसारखा सरळ होता, आणि मोबाइलमधून तो दिसत होता.

“कशाला जाता अण्णा?” कृष्णराजचा आवाज उतरला होता.

“कशाला म्हंजे? हैदराबादवरनं यष्टी येती सहाच्या पुढं. उतरनारी मानसं बघतो. समदी उतरली, गाडी हलली, की येतो माघारी.” त्यांनी टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. “काम काय न्हाय. उगं आपलं.”

प्रतीक्षाने मान वर केली नाही. भाजी आणते, झेरॉक्स काढून आणते, असं काहीबाही सांगून ती निघायची. पिशवी रिकामी का, हे अण्णांनी एकदाही विचारलं नव्हतं.

तिने बोटावर पांढरं ग्रीस घेतलं आणि दात मोजत एकेकाला पातळ लावत गेली. निम्म्यात तिची मोजणी चुकली. गिअर फिरवून तिने पुन्हा पहिल्या दातापासून सुरुवात केली.

मोबाइलमध्ये आता नुसता छताचा पंखा दिसत होता.

“अहो?”

“आहे.” पंखा फिरत राहिला. “हा गिअर फार तर पाचशे किलोमीटर काढील अजून.”

“मग नवा मागवू?”



“नको,” तो म्हणाला. “पाचशे पुरतील.”

प्रतीक्षाने हात पुसून वही ओढली. शाळेचे दहा आणि थांब्याचे सात. सतराने पाचशेला भागलं. एकोणतीस दिवस आले, वर थोडी बाकी. आज महिन्याची दुसरी तारीख होती. तिने भागाकार पुन्हा एकदा करून पाहिला.

“काय म्हनला त्यो?” बलभीमअण्णांनी विचारलं.

“पुरतील म्हणाले,” ती म्हणाली, आणि गिअर जागेवर बसवू लागली.