ओबिस्पोच्या जटा

आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या पार्लरमध्ये सेनाइदाताईने ओबिस्पोच्या पाठीत कंगवा खुपसला आणि हात काढून घेतला. कंगवा पडला नाही. झेंड्याच्या काठीसारखा उभा राहिला.

"थोडा गुंता झालाय," मी म्हणालो.

"दिसतंय." तिने दुसरा कंगवा खुपसला. तोही उभा राहिला. "किती दिवसांचा थोडा?"

"चार-पाच."

"महिने?"

"तीन," मी म्हणालो आणि भिंतीवरच्या शाम्पूच्या जाहिरातीतल्या कुत्र्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

ओबिस्पो म्हणजे उशीएवढा, पांढरा, कुरळ्या केसांचा कुत्रा. नावाचा अर्थ बिशप, त्यामुळे आमच्या चर्चचे फादर त्याला नावाने हाक मारत नाहीत, नुसतं "ए" म्हणतात. तो माझा नाही, माझ्या मद्रिनांचा, म्हणजे धर्ममातेचा. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी मला हातात धरलं होतं, आणि एकोणीस वर्षांनी मी कॉलेजसाठी हालापा शहरात आलो तेव्हा त्यांनी मला घरातली मागची खोली दिली. एकदा धरलं की सोडायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. ऑक्टोबरात त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे मोंतेर्रेला गेल्या. जाताना कुत्र्याचा ब्रश माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "रोज दहा मिनिटं, निकान्द्रो. घर जळालं तरी चालेल."

घर जळालं नाही.

पहिल्या दिवशी मी पाऊण तास विंचरलं. कुत्रा असा काही फुलून आला की मी त्याचे नव्वदेक फोटो काढले. सोफ्यावर, खिडकीत, लाल स्वेटरमध्ये, निळ्या स्वेटरमध्ये. मग लक्षात आलं की मद्रिनाही साधारण नव्वद दिवसांसाठीच गेल्यात. त्या दिवसापासून रोज सकाळी एक फोटो मोंतेर्रेला जाऊ लागला आणि तिकडून एक लाल बदाम येऊ लागला. कधी कधी फोटो पाठवताना खरा कुत्रा घरात कुठे आहे, हेही मला ठाऊक नसायचं.

स्वेटर त्याच्या अंगावरून कालपर्यंत निघालाच नाही. आमच्याकडे हिवाळाभर धुकं आणि भुरभुर, त्यामुळे स्वेटर आतून कायम दमट. डोकं तेवढं मी विंचरायचो. डोकं दिसतं ना.

"आंघोळ घातलीस?" सेनाइदाताईने वास घेतला.

"कालच. गरम पाण्याने. खसाखसा पुसला पण. म्हटलं, तुमच्याकडे घाण कसा आणायचा?"

"न विंचरता?"

मी पुन्हा जाहिरातीतल्या कुत्र्याकडे बघितलं.

"लोकरीचा नमदा कसा करतात, माहितीय? गरम पाणी, साबण आणि चोळायचं. तू कुत्र्याचं जाजम केलंस, पोरा." तिने मशीनचा प्लग लावला. "सगळं काढावं लागेल."

"मशीन नको! उद्या सतरा तारीख आहे."

सतरा जानेवारी म्हणजे जनावरांच्या संताचा, सान आन्तोनियोचा दिवस. हालापातली सगळी जनावरं फिती बांधून चर्चच्या अंगणात आशीर्वादाला जातात. मद्रिनांची बस सकाळी दहाला येणार होती आणि त्या स्टँडवरून थेट अंगणातच येणार होत्या. ओबिस्पोला जांभळी फीत बांध, असा निरोपही आला होता.

"भादरलेला बघितला तर त्यांना कळेल," मी म्हणालो. "मग मी तोंड कुठे लपवू?"

"ह्याच्या केसांत. जागा भरपूर आहे." तिने प्लग काढला, कॉर्नफ्लोअरचा डबा माझ्यापुढे आदळला. "बरं. मग तूच सोडव. पीठ चोळ, मुळाशी चिमटीत धर, म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि टोकाकडून बोटांनी उकल. मी बघते तुझी हौस."

एक बुचका सोडवायला मला पाऊण तास लागला. मी कॉलेजात पुरातत्त्व शिकतो, पण प्रत्यक्ष उत्खनन पहिल्यांदाच करत होतो. वरच्या थरात नाताळाच्या पार्टीतले रंगीत कागदाचे कपटे. त्याखाली शेंगांची टरफलं. त्याखाली परीक्षेत पास होण्यासाठी लिहिलेली माझी कॉपीची चिठ्ठी, जी मी नोव्हेंबरभर शोधत होतो. प्रत्येक हिसक्याला ओबिस्पो मान वळवायचा आणि माझा हात चाटायचा. चावला असता तर बरं झालं असतं. माणूस चावणाऱ्यावर निदान चिडू तरी शकतो.

पुढच्या उजव्या काखेत बोट गेलं आणि तो किंचाळला.

"सरक," सेनाइदाताई म्हणाली. तिने जटेखाली कंगवा आडवा घातला, म्हणजे कातडीला कात्री लागू नये, आणि वरून कापलं. जट सुटली. तिच्यातून बोटाच्या पेराएवढं प्लास्टिकचं गुलाबी बाळ टेबलावर पडलं आणि आढ्याकडे बघत राहिलं.

आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

सहा जानेवारीला गल्लीत तीन राजांच्या सणाचा गोल पाव कापला होता. त्यात भाजलेलं बाळ ज्याच्या तुकड्यात निघेल, त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्या गल्लीला तामालेस, म्हणजे पानांत वाफवलेले मक्याचे उंडे, खाऊ घालायचे. ते माझ्या तुकड्यात निघालं होतं. कुत्रा मांडीवर होता. मी बाळ हळूच त्याच्या स्वेटरमध्ये सरकवलं. घरी येऊन शोधलं, सापडलं नाही. म्हटलं, पडलं असेल वाटेत, सुंठेवाचून खोकला गेला. गल्लीत मात्र बाळ कुणाकडे, यावर बराच आरडाओरडा झाला. शेवटी माझ्या शेजारी बसलेल्या बाईवर आळ आला, कारण ती हसत होती.

"तू माझ्याकडे बोट दाखवलंस," सेनाइदाताई हळू आवाजात म्हणाली. "म्हणालास, हिनेच गिळलं."

"हो."

"मी शंभर तामालेसची पानं आणून ठेवलीत."

"हो, ताई."

"आणि हे बघ." तिने काख दाखवली. त्या प्लास्टिकच्या बाळाच्या डोक्याएवढी जखम होती, लाल, ओली. "दहा दिवस हे त्याला रुतत होतं. लंगडत नव्हता?"

लंगडत होता. मला वाटलं, थंडीने. खरं तर मला काहीच वाटलं नव्हतं. वाटायला आधी बघावं लागतं.

उरलेली जाजमभर जट माझ्या समोर होती. रात्रीपर्यंत चिमट्या धरल्या असत्या तर कदाचित अर्धं अंग वाचलं असतं, वरून जांभळी फीत बांधता आली असती, आणि मद्रिनांना काही कळलं नसतं. ओबिस्पोने पुन्हा माझा हात चाटला, पिठासकट.

"मशीन लावा," मी म्हणालो.

"मद्रिनांना कळेल."

"हो."

केस कोटासारखे एका तुकड्यात निघाले. टेबलावर दोन कुत्रे झाले, एक पोकळ आणि एक नागडा. खरा कुत्रा इतका लहान असेल, असं मला वाटलं नव्हतं. सेनाइदाताईने जखमेला मलम लावलं. मी फोन काढला. नव्वदांतला एक फोटो शिल्लक होता, निळ्या स्वेटरचा, खिडकीतला, फार गोड. तो मी पाठवला नाही. नागड्या कुत्र्याचा काढला आणि खाली लिहिलं: हा आजचा. बाकीचे सगळे एकाच दिवसाचे होते.

बदाम आला नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात शेळ्या, पोपट, एक कासव आणि गळ्यात झेंडूची माळ घातलेलं गाढव रांगेत उभं होतं. मद्रिना काठी टेकत आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून मी ओबिस्पोला वर उचलून धरलं. त्यांनी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. काखेपाशी बोट थांबलं.

"फोटोंचं मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं," त्या म्हणाल्या. "फोटोत मागे दिसणाऱ्या कॅलेंडरवर ऑक्टोबरच संपेना."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, फोटो काढायचा आळस असेल. कुत्र्याकडे बघायचा असेल, असं वाटलं नाही."

मी ओबिस्पोला दुसऱ्या हातावर घेतलं.

पुढे शेळीवाली बाई होती. तिने वळून बघितलं. "अगंबाई, काय झालं ह्याला? उवा?"

मद्रिनांनी काठीने माझ्याकडे इशारा केला. "त्याला विचार."

मी सांगितलं. धुकं, दमट हवा, परीक्षा, कुत्र्याच्या केसांची जातच तशी, आणि मग मी जरा दुर्लक्ष केलं. बाई "च्च" म्हणाली. मग पोपटवाल्या काकांनी विचारलं. मद्रिना म्हणाल्या, "त्याला विचारा." ह्या वेळी मी हवा गाळली. कासववाल्या मुलीपाशी परीक्षा गळाली. गाढववाला म्हातारा जरा बहिरा होता, त्याला ओरडून सांगावं लागलं. ओरडून सांगताना कुत्र्याच्या केसांची जात फारच हास्यास्पद वाटली, तीही गळाली.

फादर पाण्याची बादली आणि कुंचा घेऊन आमच्यापाशी आले. त्यांनी ओबिस्पोकडे बघितलं. "ए," ते म्हणाले. मग माझ्याकडे. "ह्याला काय झालं?"

"मी विंचरलं नाही," मी म्हणालो.

ते आणखी ऐकायला थांबले. आणखी काही नव्हतं. त्यांनी कुत्र्यावर पाणी शिंपडलं, तो शहारला.

"पुढे सरक," मद्रिना म्हणाल्या. "रांग खोळंबलीय."