खाकी कव्हरातली म्हैस

मी म्हशीचं पुस्तक बोलतोय. हसू नका. माझं छापील नाव चांगलं लांबलचक आहे, पण मुलांनी त्या नावानं मला कधी हाक मारली नाही. माझ्या कव्हरावर एक गलेलठ्ठ म्हैस डबक्यात डोळे मिटून बसली आहे. सगळं गाव तिला बाहेर ओढतं आणि ती प्रत्येक पानावर म्हणते, “नाही येत, जा!” बस्स, एवढीच माझी गोष्ट. बोध वगैरे काही नाही.

नाशिकच्या एका दुकानात मी खालच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. वरच्या फळीवर थोरांची चरित्रं आणि सुविचारांचे संच होते. गुरुजी मंडळी यायची, वरचा संच बांधून न्यायची. मला कुणी उचललंच तर पानं फडफडवून विचारायचं, “यात शिकण्यासारखं काय आहे?” आता म्हशीकडून काय शिकणार, कप्पाळ!

मग एक दिवस भाग्यश्री बाई आल्या. चांदवडजवळच्या एका लहान गावातल्या प्राथमिक शाळेत त्या शिकवायच्या. दुकानदार म्हणाला, “बाई, शाळेसाठी संच तयार आहे. निवडत बसायची कटकटच नाही.”

बाईंनी तर फरशीवर बसकण मारली होती. “निवडणारी मी कोण? पोरं निवडतील,” त्या म्हणाल्या. “वाचून दाखवते. ज्याला पोरं जांभया देतील ते परत आणते.” दुकानदार कुरकुरला, पण जुनी ओळख होती, त्यामुळे तयार झाला.

वर्गात बाई एकेक पुस्तक मोठ्यानं वाचायच्या आणि पुस्तकाकडे कमी, मुलांच्या तोंडाकडे जास्त बघायच्या. एका गुळगुळीत, महागड्या पुस्तकाच्या वेळी तर अख्खा वर्ग भिंतीवरची पाल बघत बसला होता. मग माझी पाळी आली. तिसऱ्या पानापासून तर मुलंच ओरडायला लागली, “नाही येत, जा!” गोष्ट संपल्यावर एकच गलका झाला, “बाई, परत!” ते गुळगुळीत पुस्तक नाशिकला परत गेलं. मी राहिलो.

बाईंनी भिंतीवर दोरी बांधली आणि आम्हाला तोंडं बाहेर करून तिच्यावर टांगलं. ज्याला जे हवं ते त्यानं ओढून घ्यावं. मला रोज ओढायची ती दुसरीतली योगिनी. बाकीची मुलं अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागली होती. हिला मात्र काही केल्या जमत नव्हतं. पण मी तिला तोंडपाठ होतो. ती ऐटीत बोट फिरवत मला ‘वाचायची’. बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे.

“हिला वाचता येत नाय! नुसतं पाठ केलंय!” शेखर ओरडला. योगिनी रडायला लागली.

बाई म्हणाल्या, “पाठ केलंय ना? मग अर्धं काम झालं की. आता फक्त बोट आणि तोंड बरोबर चालू दे.”

आणि एके दिवशी तिचं बोट थांबलं. ती मागच्या पानावर गेली, पुन्हा पुढं आली. मग किंचाळलीच, “बाई, ह्ये ‘जा’ हाय! इथं बी ‘जा’ हाय!” माझ्या आयुष्यात त्याच्याइतका आनंद मला कधी झाला नाही.

दिवाळीनंतर बाईंची बदली झाली आणि संतोष सर आले. माणूस वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू? माझा फाटका कोपरा बघून त्यांचा जीव कळवळला. “अरेरे, पुस्तक म्हणजे सरस्वती!” असं म्हणत त्यांनी मला डिंकानं चिकटवलं. मग रविवारी घरी बसून त्यांनी आम्हा सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं घातली, पांढरी चिठ्ठी लावून नंबर टाकले आणि कपाटात ओळीनं उभं केलं. आमची तोंडं दिसेनाशी झाली. सगळे सारखे.

पुस्तकं घरी न्यायचा वार शनिवार. पहिल्याच शनिवारी योगिनी कपाटापुढं आली. तिनं एक पुस्तक उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं.

“पुस्तकं उचकायची नाहीत,” सर म्हणाले. “हात लावला ते घ्यायचं.”

“सर, म्हशीचं कुठंय?”

“सगळी चांगलीच आहेत. दिलंय ते वाच.”

तिला बारीक अक्षरांचं, चित्र नसलेलं पुस्तक मिळालं. पुढच्या शनिवारी तिनं दुसरं ओढून पाहिलं. एकदा तर तिचं बोट माझ्या पाठीवर येऊन थांबलं होतं. बोट पुढं सरकलं आणि तिनं शेजारचं घेतलं. काही दिवसांनी ती कपाटाकडे यायचीच बंद झाली. एकदा मी शेखरच्या वाट्याला आलो, पण ‘मळवू नकोस’ म्हणून त्याला ताकीद होती. बिचाऱ्यानं मला दप्तरातून बाहेरच काढलं नाही.

ती चौथीत असताना साहेब तपासणीला आले. सरांनी माझ्या शेजारचं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. ती उभी राहिली. तोंडातून शब्द फुटेना. आत मी ओरडत होतो, मला द्या, मला द्या तिच्याकडे! साहेबांनी पुस्तक मिटलं. मग कपाट बघून मात्र ते खूश झाले. एकही पान फाटलेलं नव्हतं ना!

परवा तिची आजी फुलाबाई शाळेचा दाखला न्यायला आली होती. सर दाखला देत म्हणाले, “पोरगी गुणाची आहे हो, पण वाचनाची गोडीच नाही.”

“गोडी कशी नाय?” आजी म्हणाली. “बारकी व्हती तवा शनवारच्या शनवारी रडायची, सर. म्हशीचं पुस्तक पायजे म्हनून. लय जीव व्हता तिचा त्याच्यावर.”

सरांची पाठ माझ्याच कपाटाला टेकलेली होती.

“म्हशीचं?” ते म्हणाले. “नाही हो आजी, तसलं पुस्तक नाही आपल्याकडे.”

आजीनं दाखला पदराच्या आत धरला आणि ती पायऱ्या उतरून गेली. आजी, मी आहे हो इथं. कुणीतरी तेवढा हा कागद फाडा.