वनमालावर पाळत

वनमाला कधी चुकतच न्हाय, हीच मला तिची चीड.

आमच्या वस्तीतल्या चर्चमागं लिंबाखाली दर ऐतवारी, भक्ती झाली की पोरींचा वर्ग भरतो. शिकवायला प्रेमाबाई. त्या बायबलबाई हायत, खेडोपाडी फिरून बायकांना वचन सांगत्यात. त्यांच्या वर्गाची रीत अशी, की ह्या ऐतवारी धडा घ्यायचा, आठवडाभर तो घरात-दारात करून बघायचा, आन पुढल्या ऐतवारी उभं राहून साक्ष द्यायची. क्षमेचा धडा होता तवा वनमालानं शाई सांडणाऱ्या पोरीला माफ केलं. सोशिकपणाचा होता तवा ती तापानं फणफणली पण कण्हली न्हाय म्हणं. मी काय सांगणार? क्षमेच्या आठवड्यात माझी दोघींशी भांडणं झाल्ती.

वनमाला मास्तरची पोरगी, आठवीला हाय. मी सहावीतच शाळा सोडली. तिच्याच बापानं मला अंगठे धरायला लावल्ते. म्या पाटी आपटली आन घरी आले, ती परत गेलेच न्हाय.

ह्या साली सुगी झाली तशी प्रेमाबाई म्हणल्या, "लोहाऱ्याकडच्या खेड्यांत महिनाभर दौरा हाय. बैलगाडी, तंबू, चित्रांची गुंडाळी. गाणं म्हणायला, चित्र धरायला एक पोरगी संगं नेणार हाय. कुणाला न्यायचं ते पुढच्या ऐतवारी सांगीन."

महिनाभर! मी आजवर बाजाराच्या गावापलीकडं पाय ठेवलेला न्हाय. घरी शेण काढायचं, पाणी भरायचं, आईच्या शिव्या खायच्या. गाणं तर माझंच चांगलं हाय, वनमालाचा आवाज म्हंजी कोकराचा. पण सगळ्या पोरी तिच्याकडंच बघाय लागल्या, आन तिनं लगेच मान खाली घातली. ती मान खाली घालती ना, तवा माझ्या अंगाची आग आग होती.

धडा दिला तो असा, की उजव्या हातानं काय दिलं ते डाव्या हाताला कळू द्यायचं न्हाय. कुणाचं तरी भलं करा, पण गुपचूप.

माझा बेत तिथंच ठरला. वनमाला गुपचूप काय करती ते बघायचं आन ऐतवारी सगळ्यांपुढं सांगून टाकायचं. एकदा बोभाटा झाला की गुपचूप कुठलं? तिचं दान बाद.

पाळत ठेवायला जागा एकच, कस्तुराबाईचा उंबरा. तिथनं वनमालाचं दार, आड आन शाळेची वाट, तिन्ही दिसत्यात. कस्तुराबाई म्हातारी आमच्याच वस्तीतली, पण चर्चला येत न्हाय. लई वरसं वाशीला लेकीकडं होती, आत्ता दिवाळीला परत आली. डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस नुसतं सावलीवानी दिसतंय. सोमवारी मी उंबऱ्यात जाऊन बसले.

"कोण गं?"

"मीच हाय. बसते जरा."

"बस की. पण फुकट न्हाय. जातं वढ. माझं खांदं गेल्यात."

"दळते. पण जातं दारात घ्यायचं."

"घे बाई, पार रस्त्यावर घे. नाव काय तुझं?"

"नाव कशाला पायजे? दळण काढा."

म्हातारी हसली. म्या जातं दारात वढलं आन दळाय बसले. एक डोळा ज्वारीवर, एक वनमालाच्या दारावर. रोज तेच. एका दिवशी पीठ लई पडलं तर म्हातारी म्हणली, थाप आता भाकरी. म्या त्याबी थापल्या, कारण वनमाला आडावर होती आन मला उठायचं न्हवतं.

पण ती करतच न्हवती काय! शाळंत जायची, यायची, पाणी भरायची, वेणी घालायची. एका लंगड्या कुत्र्याला तुकडा टाकला, पण तो तर मीबी टाकते. माझं तोंड दिवसभर चालू. "बघा वनमाला कशी चालती. वनमालाला परकर नवा. ह्या वनमालाचं एकदा बिंग फुटू दे." म्हातारी आतनं हूं हूं करायची.

शनिवार उलटला तरी हाताला काय लागलं न्हाय. मी जळून कोळसा झाले. म्हणलं, आसंल, इतकं गुपचूप केलंय की मलाबी दिसलं न्हाय.

ऐतवारी वर्ग भरला. प्रेमाबाईंनी साक्ष द्या म्हणल्यावर एकबी उठंना. धडाच तसा. सांगावं तर मोडला, न सांगावं तर बाईंना कळणार कसं? पोरी एकमेकींना कोपरं माराय लागल्या. तेवढ्यात काठी टेकत कस्तुराबाई लिंबाखाली आली.

"इथंच भरती का पोरींची शाळा? मला त्या पोरीला भेटायचंय. आठवडाभर माझं दळलं गं तिनं, भाकरी थापल्या, पाण्याचा घोटबी मागितला न्हाय."

खरं सांगते, त्या दळणाचं माझ्या ध्यानातच न्हवतं. आन ध्यानात आलं तसं वाटलं, अगं, ही तर माझीच साक्ष! आयती चालत आली!

"कोण पोरगी, आजी?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"वनमाला."

सगळ्या पोरी "अगंऽ" करून वनमालाकडं वळल्या. वनमाला उठली. "मी न्हाय, बाई. मी कवा गेले न्हाय त्यांच्याकडं."

"बघा," अनसूया म्हणली, "डाव्या हातालाबी कळू देईना!"

"खरंच मी न्हाय."

जेवढं ती न्हाय म्हणाय लागली तेवढ्या बाईंच्या डोळ्यांत तिची किंमत वाढाय लागली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बघितला आन माझं टाळकं सटकलं.

"म्या दळलं!" मी वरडले. "माझ्या हाताला फोड आल्यात, बघा! ती कशाला दळती? तिला जात्याचा खुंटा कुठं असतोय ते तरी ठाऊक हाय का?"

पोरी खदखदून हसल्या. "आली बघा. जिनं केलं ती न्हाय म्हणती, आन हिला म्हणं फोड आले!"

"थांबा," कस्तुराबाईनं काठी आपटली. "हाच की आवाज! हीच ती वनमाला!"

"ती रिबका हाय, आजी. वनमाला ही," प्रेमाबाई म्हणल्या.

"मग दिसभर वनमाला वनमाला कोण करत होतं माझ्या दारात? म्हणलं, पोरगी आपल्याच नावानं बोलती, जराशी खुळी असंल."

प्रेमाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "रिबका, तू तिथं कशाला बसलीस?"

खोटं बोलावं आसं वाटलं. पण वनमालाचं बिंग फुटू दे, हे म्हातारीनं रोज माझ्या तोंडून ऐकलेलं, आन ती तिथंच उभी. म्हणलं, "हिच्यावर पाळत ठेवाय. ही काय दान करती ते सांगून टाकायचं होतं."

कस्तुराबाई म्हणली, "मंजी माझ्यासाठी न्हाय का दळलंस?" म्या फोड आलेले हात पदराआड घेतले. "बरं. पीठ तर बारीक होतं," आसं म्हणून ती काठी टेकत गेली.

"आन वनमाला, तू काय केलंस आठवड्यात?" बाईंनी विचारलं.

वनमालाचे कान लाल झाले. "काय न्हाय, बाई. परीक्षा होती. इसरले."

मला हसू फुटलं. एकदाची चुकली! पण बाई म्हणल्या, "समद्यांनी ताटात वाढून दिलं होतं, तरी हिनं माझं न्हाय म्हणून सांगितलं. गाडीत वनमाला येईल." माझ्याकडं वळून म्हणल्या, "तुझे हात चांगले हायत, रिबका. डोळे तेवढे दुसऱ्याच्या दारात असत्यात."

मी तिथनं पळत सुटले. रडले न्हाय. वाटंत मास्तरच्या कुडाला लाथ मारली, तर माझंच बोट ठेचलं.

मंगळवारी सकाळी गाडी निघाली. तंबू, पेटी, गुंडाळी, पुढं प्रेमाबाई, मागं वनमाला. मी बघाय जाणार न्हवते. पण गाडी आमच्याच घरावरनं जाती, त्याला मी काय करू?

"येतीस का गं?" वनमाला म्हणली. "माझा आवाज न्हाय चांगला. तुलाबी घ्या आसं बाईंना मी सांगितलंय."

दया! मला तिची दया नको होती. माझ्या मनात आलं, हे तरी खरं बोलती का, का हेबी चांगलं दिसाय? लई निरखलं. भ्यानं तिच्या तोंडाचं पाणी पळाल्तं. ती घर सोडून कवा राहिलेली न्हाय.

"तुझ्या मांडीला मांडी लावून न्हाय बसणार," म्या म्हणलं.

"मग?"

म्या शेणाची पाटी तिथंच ठेवली. आई दारातनं वरडली, "रिबके! कुठं चाललीस?" प्रेमाबाईंनी वळून आईला हात केला, काय तरी बोलल्या. मला ऐकू आलं न्हाय, बैलांच्या घुंगरांचा आवाज लई होता. आई गप झाली एवढं खरं.

मी गाडीमागं चालाय लागले. धुरळा तोंडात, ठेचलेलं बोट ठणकतंय, डोईवर ऊन. वनमाला उलट्या तोंडानं बसलेली, नजर हलंना माझ्यावरनं. म्या गाणं म्हणाय सुरुवात केली, वर्गातलंच, पण तिच्या दोन पट्टी वर. बघू आता, ही कुठवर गप बसती.