रीनाचं नाव माझ्याकडे होतं

आमच्या करडी गावच्या ख्रिस्ती मंडळीत पूर्वी एक रीत होती. कुणा बाईला दिवस गेले की शुक्रवारच्या महिला सभेत दुसरी एक बाई तिचं नाव घ्यायची. नाव घ्यायचं म्हणजे बाळंतपण होईपर्यंत रोज पहाटे, तोंडात पाण्याचा थेंब न घालता, गुडघे टेकून तिच्यासाठी देवाजवळ मागायचं. पुढे लेकरू सव्वा महिन्याचं झालं की त्याच बाईनं ते कडेवर घेऊन मंडळीसमोर न्यायचं आणि दोनच वाक्यं बोलायची. 'मी नाव घेतलं. प्रभूनं ऐकलं.' आता ही रीत राहिली नाही. मोबाईलवरच्या गटात नाव येतं, त्याखाली जोडलेले हात येतात. तेही चांगलंच, मी वाईट म्हणत नाही. पण पत्र्याच्या छपराखालची ती शुक्रवारची दुपार, सतरंजीला येणारा शेणामातीचा वास, पाय लांब करून बसलेल्या बायका, हे सगळं आठवलं की जीव हळवा होतो.

सतरा वर्षं झाली. धानाच्या रोवणीचे दिवस होते. सगळ्या बायका शेतात, बांध्यांत चिखलात उतरलेल्या, सभेला आम्ही चौघीच. माझी धाकटी जाऊ रीना लाजत म्हणाली, "मले तिसरा लागला."

रीनाच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. माझ्या लग्नाला नऊ. नऊ वर्षं मी दर शुक्रवारी उपवास धरून जे मागत होते, ते तिला न मागता मिळालं होतं.

धुरपताबाई आमच्यात सगळ्यांत मोठ्या. त्यांनी चौघींकडे नजर फिरवली. त्यांच्याकडे आधीच दुसऱ्या एकीचं नाव होतं. चौथी म्हणजे पार्वताबाई, त्या तापातून नुकत्याच उठलेल्या.

धुरपताबाई मला म्हणाल्या, "ललिता, तूच उरली व बाई. घरातलीच आहे, तुले सोपं जाईन."

रीनानं माझा हात धरला. "ताई, तुम्हीच घ्या. तुमचं मागणं देव आयकते."

मी मानेनंच हो म्हटलं. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही, त्यामुळे माझ्या गप्प बसण्यात काय आहे ते कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, तोंड धुतलं, भिंतीतल्या देवळीपाशी गुडघे टेकले. देवळीत बायबल होतं, कंदील होता. "प्रभू, रीनाला…" एवढं म्हटलं आणि पुढचं मागणं तोंडातून निघेना. किती वेळ बसले कोण जाणे. तिसऱ्या दिवशी तसंच, आठव्या दिवशी तसंच. मी नेम मोडला नाही. रोज उठायचे, पाणीसुद्धा प्यायचे नाही, गुडघे टेकायचे आणि नुसती बसून राहायचे. उठले की चुलीपाशी रीना चहा घेऊन उभी.

"झालं काय ताई? आता घ्या घोटभर. माझ्यापायी उपाशी राहून राहिल्या तुम्ही."

तो चहा घशाखाली उतरताना फार कडू लागायचा. घरच्यांना वाटायचं, केवढी हिची श्रद्धा. एकदा माझा दीर भुपेंद्र, रीनाचा नवरा, आमच्या यांना म्हणाला, "दादा, वयनीमुळे मले रीनाची काहीच फिकर नाही." मी परड्यात जाऊन रडले.

धान कापून झाला, चुरणी-मळणी झाली, आणि जानेवारीच्या थंडीत, दिवस भरायच्या महिनाभर आधीच रीनाला कळा सुटल्या. भंडाऱ्याला नेलं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. अकरा दिवस मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होते. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मी मागितलं नाही म्हणून हे झालं. आता तरी माग, असं स्वतःला म्हणायचे, आणि कोणत्या तोंडानं मागू, असं वाटून पुन्हा गप्प व्हायचे.

बाराव्या दिवशी नर्सबाईनं लेकरू रीनाच्या छातीशी दिलं. ते प्यायलं. पोटभर प्यायलं आणि झोपलं. आमच्या यांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या डोळे पुसले.

मग तो रविवार आला. टीना, हे नाव तिच्या आईनंच ठेवलं होतं, सव्वा महिन्याची झाली होती. मंडळी भरलेली. रोवणीमुळे त्या शुक्रवारी न आलेल्या सगळ्या बायका आज आल्या होत्या. गीत झालं, पाळक साहेबांनी विचारलं, "या लेकराच्या आईचं नाव कोणी घेतलं होतं?"

मी उभी राहिले. दोन वाक्यं बोलायची होती. सगळ्यांना तीच अपेक्षित होती. ती बोलून लेकरू उचललं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं. पण लेकरू हातात घ्यायचं आणि खोटं बोलायचं, हे माझ्यानं होईना.

"मी नाव घेतलं नाही," मी म्हणाले.

पाळक साहेब म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल, मागं ऐकू येत नाही."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "रोज उपाशी बसली मी, पण एकही दिवस मागितलं नाही. मले हेवा वाटला. लेकरू अकरा दिवस पेटीत होतं, तेव्हाही मागितलं नाही. प्रभूनं तरी केलं."

मी रीनाकडे पाहिलं. तिनं टीनाला पदराखाली घट्ट धरलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, गेली ही माझ्यापासून. आता जन्मभर एका घरात परक्यासारखं राहायचं.

तेवढ्यात मागून धुरपताबाईंचा आवाज आला. "मंग? आपण का देवाच्या बांधीत रोजीनं लागलो होतो काय? तुही हजेरी भरली नाही म्हणून त्यानं धान पिकू दिला नाही, असं झालं काय?"

कुणीतरी हसलं. पार्वताबाई म्हणाल्या, "माझा ताप उलटला, तवा पडल्या पडल्या मी तिच्यासाठी मागत होती. मले तं कोणी सांगितलंही नव्हतं."

"तुमी गप राहा, तुमचा नंबर नाही," धुरपताबाईंनी त्यांना दटावलं, आणि आता पुष्कळ जण हसले.

रीना हसली नाही. ती उठली, हळूहळू माझ्यापर्यंत आली.

"एखाद्या सकाळी मले काहून नाही सांगितलं, ताई? मी रोज चहा घेऊन उभी राहत होती."

"लाज वाटली, रीना."

मग तिनं पदर बाजूला केला. "धरा. मानेखाली हात लावा, अजून मान नाही धरली तिनं."

मी टीनाला घेऊन समोर गेले. ते एवढंसं ऊन ऊन ओझं हातावर होतं आणि सात महिने बंद असलेलं माझं तोंड उघडलं. काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की माझ्या तोंडून नुसतं 'तू दिलं, तू दिलं' येत होतं, आणि मला आनंद होत होता. लेकरू माझं नव्हतं, माझ्या मागण्यामुळे आलेलं नव्हतं, तरी आनंद होत होता. असा आनंद मला नऊ वर्षांच्या उपवासांत कधी झाला नव्हता.

रीना त्यानंतर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग एक दिवस टीनाला माझ्या मांडीवर टाकून न्हायला गेली आणि दोन तास आलीच नाही.

माझी कूस पुढेही उजवली नाही. हे लिहिताना आता दुखत नाही. टीना मला मोठी आई म्हणते, यंदा बारावीला आहे, आणि माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्यानं बोलते.

पहाटेचा नेम अजून आहे. गावातल्या पुष्कळ जणींची नावं घेते. कधी कधी एखाद्या नावापाशी अजूनही अडते. तेव्हा मी जबरदस्ती करत नाही. देवाला तसंच सांगते, आज हिच्यासाठी माझ्यानं मागणं होत नाही, तू माझ्यासाठी थांबू नको.