डुक्कर फियाटची अट

माणसाला छंदच करायचा तर गुलाब लावावेत, पतंग उडवावेत, गेला बाजार टीव्हीसमोर बसून क्रिकेटवाल्यांना अक्कल शिकवावी. पण देवरावांना रिटायर झाल्यावर सुचली ती जुनी गाडी. तीही कुठली, तर अठ्ठावन्न सालची डुक्कर फियाट. गोल पाठ, फुगीर नाक, आणि रस्त्यानं निघाली की म्हातारी माणसं हातातलं काम सोडून बघत राहतात अशी. यवतमाळच्या घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये ही बया तीन वर्षं उभी होती आणि तीन वर्षांत तिनं देवरावांच्या डोक्याचं पार दही करून टाकलं होतं.

बरं, देवराव काही हौशे-गवशे नव्हेत. राजूरच्या कोळशाच्या खाणीत, वर्कशॉपमध्ये, चौतीस वर्षं फिटर. एखादा पंप हटून बसला की मोठे साहेबसुद्धा म्हणायचे, देवरावले बोलवा. अशा माणसाला एक म्हातारी गाडी दाद देईना, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली होती. जेवताना घास हातात धरून ते भिंतीकडे बघत बसायचे आणि बायकोनं, नलूनं, काही विचारलं तर म्हणायचे, "कंडेन्सर तं नवा टाकला ना म्या."

गाडी चालूच झाली नसती तर एक वेळ परवडलं असतं. पण ती चालू व्हायची. चावी फिरवली की पहिल्या झटक्यात, अगदी शहाण्या मुलीसारखी. आठ-दहा किलोमीटर छान जायची. मग दोन आचके, एक उसासा आणि बंद. वीस मिनिटं उभी केली की पुन्हा पहिल्या झटक्यात चालू, जसं काही झालंच नव्हतं. देवरावांनी कॉइल बदलली. प्लग बदलले. कार्ब्युरेटर सात वेळा उघडून धुतला. पेट्रोलच्या पंपाचा पडदा नागपूरहून मागवला. कोणीतरी म्हणालं, आपल्याकडचं ऊन हे असं, पेट्रोल पंपातच उकळते, पंपावर ओला फडका ठेवून पाहा. फडका ठेवला, वीस मिनिटं वाट पाहिली, गाडी चालू झाली. देवराव आनंदले. पुढं नऊ किलोमीटरवर फडक्यासकट बंद पडली.

हे सगळं चाललं होतं एका अटीपायी. गाडी राळेगावच्या पुंडलिकरावांची. कापूस, सोयाबीन, तूर, सगळं असलेला घरंदाज शेतकरी. त्यांच्या वडलांनी घेतलेली ही गाडी गोठ्यामागं धूळ खात होती. देवराव मागायला गेले तेव्हा पुंडलिकरावांनी एक रुपया घेतला नाही. म्हणाले, "पैशाचं नाव काढू नका. गाडी घेऊन जा, नीट करा. मंग एक दिवस सोताच्या पायानं माह्या दारात आणा. आमच्या घरी बेबी, माही बायको, लग्न होऊन याच गाडीत आलती. तिले एक चक्कर मारा. त्या दिवशी गाडी तुमची, कागदावर सही करून देतो."

देवराव म्हणाले होते, "दोन महिने." त्याला आता तीन वर्षं झाली होती.

दर रविवारी सकाळी पुंडलिकरावांचा फोन यायचा. "मंग, येऊन राह्यली का बापा आमची फियाट?" माणूस प्रेमानंच विचारायचा, पण देवरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा पुंडलिकराव म्हणाले, "हे असेच नखरे माह्या बापाच्या टायमालेही केलते तिनं. तवा बापानं काय केलतं, सांगू का तुमाले—" देवरावांनी तिथंच तोडलं. "पुंडलिकराव, तुम्ही कापूस पाहा. गाडीचं मले नका सांगू. तुमच्या घरच्याईनंच तिची वाट लावून ठेवली हाये. पत्र्याले जागोजागी भोकं, वायरीले चिंध्या. म्या किती निस्तरू?" त्यानंतर पुंडलिकराव बिचारे फक्त येऊन राह्यली का एवढंच विचारायचे, आणि देवराव दर वेळी तेच ऐकवायचे.

आणि भोकांच्या बाबतीत देवराव खोटं बोलत नव्हते. उघडं भोक त्यांना सहनच व्हायचं नाही. राजूरला चौतीस वर्षं ज्यानं काढली त्याला विचारा. तिथं कोळशाची भुकटी अन्नात, अंथरुणात, घड्याळात शिरते. वर्कशॉपमध्ये एक नट काढला तरी ती जागा आधी चिंधीनं बुजवायची आणि मग पुढचं काम, नाहीतर इंजिनाचा सत्यानाश. ती सवय हाडात मुरलेली. यवतमाळला कोळसा नाही, पण देवरावांचा एम-सीलचा गोळा चालूच. खिडकीच्या फटी भरल्या, विजेच्या बोर्डाची भोकं भरली, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणालाही लिंपून टाकलं. नलू म्हणायची, "एक दिवस झोपेत माह्या नाकपुड्या भरान तुम्ही." गाडी आली तेव्हा तर सणच. आठ दिवस बसून त्यांनी एकेक भोक हुडकलं, भरलं, घासलं, वर रंग मारला. बोट फिरवलं तरी कळू नये असं काम.

या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आलं. पुंडलिकरावांच्या मुलानं, पियुषनं, राळेगाव रोडला लग्नाचा लॉन बांधला होता. एक मेला उद्घाटन. त्याचा फोन आला. "देवराव काका, राग नका मानू. आता तुम्हालेही त्रास, आम्हालेही. गाडी मी घेऊन जातो. गेटवर ठेवतो, बोनेट काढून आत माती भरतो, पिटुनिया लावतो. मस्त सेल्फी पॉइंट होते. बाबा म्हणते का एप्रिलच्या शेवटच्या रविवारपर्यंत थांब. म्हणून थांबून राह्यलो."

पिटुनिया. देवरावांनी जे इंजिन मांडीवर घेऊन साफ केलं होतं, ज्याचा एकेक व्हॉल्व्ह हातानं घासून बसवला होता, त्या जागी माती आणि पिटुनिया. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शेवटच्या रविवारी सकाळी नऊला ते निघाले. शेजारी नलू, पायाशी पाण्याचा कॅन आणि चार ओले फडके. टाकी काठोकाठ भरलेली. राळेगाव पंचेचाळीस किलोमीटर. गाडी अशी पळाली की देवराव गुणगुणायला लागले. कळंबच्या अलीकडे दोन आचके, एक उसासा. फडका, वीस मिनिटं, चालू. कळंब ओलांडल्यावर पुन्हा. तिथं एसटीतून कोणीतरी ओरडलं, "काका, धक्का मारू का?" आणि अख्खी एसटी हसली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा साडेदहा वाजले होते, ऊन डोक्यावर चढत होतं आणि राळेगाव अजून बारा किलोमीटर होतं.

देवराव या वेळी उतरलेच नाहीत. फडकाही ठेवला नाही. स्टिअरिंग धरून बसून राहिले. राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग संपला होता. चौतीस वर्षांचा फिटर, हातात हुनर, आणि एका पत्र्याच्या डब्यापुढे हात टेकायची वेळ. त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली की त्यांनी खिशातून फोन काढला आणि पियुषला लावला.

"पियुष, तुहा ट्रक पाठव. राळेगावच्या अलीकडं बारा किलोमीटरवर उभा हावो. घेऊन जा हे डबडं. लाव त्याच्यात काय लावाचं ते."

दोघं उतरून निंबाच्या सावलीत बसले. तिनं डब्यातली भाकर काढली, देवरावांनी नको म्हणून मान हलवली. मग ती सहज म्हणाली, "पेट्रोल हाये ना वो?"

झालं. संपलेला राग परत आला. "नलू, तू मले येडा समजते का? सकाळी भरलं ना तुह्यासमोर. काटा पाय ना, पाऊणच्या वर हाये. तो काटा म्या सोता दुरुस्त केला हाये."

"काटा काय, काटा खोटंही सांगत असन."

"खोटं सांगते? ये. ये इकडं. तुह्या डोळ्यानं पाय."

तरातरा ते गाडीच्या मागं गेले, टाकीचं टोपण पकडलं आणि फिरवलं. ते फिरेना. आतून कोणी धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा सुटलं, आणि टाकीनं हवा ओढली. फुस्स नाही, लांबलचक, घुसमटलेल्या माणसानं घ्यावा तसा श्वास. नलूलाही ऐकू गेला.

देवराव टोपण हातात धरून उभे राहिले. तीन वर्षांत ते टोपण रस्त्यात कधी उघडलंच नव्हतं. कायले उघडायचं, काटा होता ना. त्यांनी ते उलटं केलं. आतल्या बाजूला, मधोमध, राखाडी रंगाचा एक ठिपका. त्यांचाच एम-सील. वरून घासून, रंग मारून असा बसवलेला की बोट फिरवलं तरी कळू नये.

सगळं एका क्षणात समोर आलं. पेट्रोल जात राहतं, त्या जागी हवा आत यायला वाट नाही. टाकी आतून आवळत जाते, पंप ओढून ओढून थकतो, गाडी बंद. वीस मिनिटांत टोपणाच्या आट्यांतून थोडीथोडी हवा झिरपते, गाडी चालू. फडक्याचा काडीचा संबंध नाही. कंडेन्सरचा नाही, कॉइलचा नाही, सात वेळा धुतलेल्या कार्ब्युरेटरचा नाही. आणि ते भोक त्यांना चांगलं आठवत होतं. वाकडंतिकडं, खिळ्यानं ठोकून पाडलेलं. ते बुजवताना आपण हसलो होतो, हेही आठवलं. कोण्या येड्यानं एवढ्या चांगल्या टोपणाले खिळा ठोकला, असं म्हणाले होते ते, नलूला हाक मारून दाखवत.

"हे तं तुम्हीच भरलं होतं ना?" नलू म्हणाली. तिचीही स्मरणशक्ती चांगली होती.

तेवढ्यात राळेगावकडून ट्रक आला. पियुष चालवत होता आणि त्याच्या बाजूला पुंडलिकराव आणि बेबीताई. बेबीताईंनी ऐकलं नव्हतं म्हणे, गाडी उचलून नेताना एकदा पाहते म्हणाल्या. पुंडलिकराव हळूहळू खाली उतरले. "रामराम देवराव. जाऊ द्या, लय खटपट केली तुम्ही. मन छोटं नका करू."

"जयभीम," देवराव म्हणाले. टोपण मुठीत होतं. गपचूप अर्धवट लावलं असतं, गाडी चालू केली असती, शेवटी जमवलंच म्हणून मिरवता आलं असतं. नलू बोलली नसती. पण या माणसाला आपण तीन वर्षं, दर रविवारी, तुमच्या घरच्याईनं वाट लावली असं ऐकवत आलो.

"पुंडलिकराव, याले एक भोक होतं," त्यांनी मूठ उघडली. "ते म्या बुजवलं. गाडी त्याच्यानंच बंद पडून राह्यलती. तीन साल."

पुंडलिकरावांनी टोपण घेतलं, उन्हात धरलं, अंगठा फिरवला. "लय साफ काम केलं बापा." मग म्हणाले, "हेच सांगून राह्यलतो त्या दिवशी. मूळचं टोपण हरवलं, हे बापानं वर्ध्याहून आणलं. तवापासून गाडी बंद पडे. चार मिस्त्री झाले. मंग बापानं एक दिवस खिळा घेतला अन् दगडानं ठोकला."

पुंडलिकरावांनी ट्रकच्या फळीतून एक खिळा उपसला, रस्त्याकडेचा दगड उचलला आणि दोन्ही देवरावांपुढं धरलं. "ठोका. तुमचं काम हाये."

देवरावांनी टोपण मैलाच्या दगडावर ठेवलं आणि ठोकलं. वाकडंतिकडं भोक पडलं, अगदी पहिल्यासारखं.

पियुष म्हणाला, "काका, आता टोचन करून ओढत नेऊ ना? ट्रक आणला हाये." बेबीताईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्या फियाटचं पुढचं दार उघडत होत्या. "त्या टायमाले मागं बसवलतं मले, डोक्यावरून पदर. रस्ताच नाई दिसला. मले समोर बसाचं हाये." नलू मुकाट्यानं मागं गेली.

बारा किलोमीटर. देवराव प्रत्येक वळणावर आचक्याची वाट बघत होते. तो आलाच नाही. राळेगावात, पुंडलिकरावांच्या दारात, गाडी स्वतःच्या पायानं जाऊन उभी राहिली, आणि बेबीताई उतरल्या नाहीत. "अजून एक चक्कर मारा," म्हणाल्या. ती मारली. मग पुंडलिकरावांनी ओट्यावर बसून कागदावर सही केली आणि पियुषला सांगितलं, पिटुनियाले कुंड्या आण.

परतताना देवराव खूश असायला हवे होते. गाडी मिळाली होती, वाऱ्यासारखी पळत होती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तीन वर्षांचे रविवार येत होते, प्रत्येक रविवारी फोनवर ते काय काय बोलले ते. कळंब आलं, गेलं. नलू पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. झोपली असावी असं त्यांना वाटलं.

"अहो," ती डोळे न उघडताच म्हणाली. "दोन सालापासून सैपाकघरातला नळ थांबून थांबून येते. तुम्ही तीन पलंबरले शिव्या देऊन हाकललं."

देवरावांनी गाडीचा वेग कमी केला.

"गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाले भोक होतं का वो?"

होतं. देवरावांना तेही चांगलं आठवत होतं.