बूट क्लबचे, पाय तुमचे

मैदान उन्हानं तापून दगड झालं होतं. टाच मारली तर धूळसुद्धा उडायला तयार नव्हती. दुपारी फुटबॉलच्या निवडीचा सामना, आणि धाकटीच्या उजव्या बुटाचा तळ जबडा वासून बसलेला.

"चल कपाटाकडे," मास्तर म्हणाले.

हा त्या क्लबचा शिरस्ता. खेळाडू गेली की बूट मागे कपाटात ठेवून जायचं. गेली म्हणजे मोडून गेली. धडधाकट तिथून कुणी जातच नव्हतं. मास्तर त्याला परंपरा म्हणायचे. निगरगट्ट माणसाला शब्दांची ददात नसते. "बूट क्लबचे, पाय तुमचे!" हे ते दर नव्या मुलीला ऐकवायचे, आणि मुलीही हसायच्या, कारण संघात नाव घालणारा हात कुणाचा हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

पत्र्याचं कपाट करकरलं. आतून ओल्या कातड्याचा वास आला. इथं नवे बूट कोमट पाण्यात भिजवून पायातच वाळवतात, म्हणजे कातडं त्या पायाचा आकार धरतं. पण ते पहिल्या मालकिणीनं, कधीच्या काळी. आत्ता ते ओले का असावेत?

धाकटीनं पहिला जोड वाकवून पाहिला. चवड्याशी वाकायचं सोडून तो मधोमधच दुमडला. दुसऱ्यात अंगठ्याला जागा नव्हती. तिसऱ्यात हात घातला, तर आतून कुणीतरी बोटं आखडून घेतल्यासारखं वाटलं. तिनं तो पटकन ठेवून दिला.

"नवरीचा शालू निवडतेयस का?" मास्तरांनी एक तपकिरी जोड तिच्या पोटाशी खुपसला. "हा घाल. तळाला लोखंडी स्टड आहेत, जमीन सोडत नाहीत."

"पण मास्तर, लांब स्टड चिखलाला ठीक. एवढ्या कडक मैदानावर..."

"मला शिकवतेस? तुझ्या जागेवर डोळा ठेवून चौघी बसल्यात बाहेर."

धाकटीनं पाय घातला. तो असा बसला की नाडीचीही गरज वाटेना. आत ऊब होती. नुकतेच कुणाच्या तरी पायातून निघाल्यासारखे बूट.

जर्सी घरी दोरीवर होती. घर क्लबच्या मागच्याच गल्लीत. ती जिना चढून दारात आली, तेव्हा थोरली ताई पाठमोरी मशीनवर शिवण घेऊन बसली होती. उजवा पाय नेहमीसारखा स्टुलावर लांब केलेला. तो गुडघा वाकणं कधीच सोडून बसला होता. मशीन थांबलं.

"कोण आहे?" ताईनं मान न वळवता विचारलं.

"मीच गं. जर्सी न्यायला आले."

"खोटं बोलू नकोस. कोण आहे?"

"ताई, काय हे भलतंच!"

"दोन पायऱ्या एकदम, मग एक. आणि उंबऱ्याशी डाव्या टाचेचा ठोका." ताईनं हातातलं कापड खाली ठेवलं. "ही माझी चाल आहे. मोडायच्या आधीची."

मग ती वळली. तिला बूट दिसले.

"मास्तर म्हणाला होता, जाळले. त्या दिवशीही मैदान असंच होतं. मी म्हटलं, हे नकोत. म्हणाला, घाल. स्टड भेगेत अडकले, मी वळले, पाय वळलाच नाही. नंतर हा गावभर सांगत फिरला, पोरगी वेंधळी, चुकीची पडली. आणि मीही ते मानलं. काढ ते आधी!"

धाकटीनं नाड्या सोडल्या. बूट निघेनात. कातडं घोट्याभोवती आवळत चाललं. फरशीत स्टड घुसणं शक्य नव्हतं, तरी उजवा पाय जागचा हलेना. आणि त्याच्या वरचा गुडघा आपोआप वळू लागला. सावकाश, काही घाई नसलेल्या माणसासारखा.

"ताई!"

"वळू नकोस! वळलीस तर गेलीस!"

ताई खुर्चीवरून खाली कोसळली आणि कापड कापायची मोठी कात्री घेऊन फरफटत आली. पातं कातड्यात घुसलं तशी ती स्वतःच कळवळली. दुखत होतं ते तिच्या गुडघ्यात. दातओठ खात ती कापत राहिली.

"रडतेस काय, बावळट? मी रडतेय का?"

ती रडत होती.

दोन्ही बूट चिरून बाजूला पडले. मग ताईनं धाकटीचा जुना बूट मांडीवर घेतला आणि त्याचा रबरी तळ दाभणानं, जाड दोऱ्यानं शिवून दिला.

मास्तर अजून कपाटापाशीच होते. धाकटीनं चिंध्या झालेला जोड त्यांच्यासमोर आपटला.

"क्लबचा माल फाडलास? आज बाहेर बसायचं तू!"

"ताईचा निरोप आहे. ती चुकीची पडली नव्हती."

मास्तर तोंड उघडणार, एवढ्यात कपाटात आवाज झाला. टक्. मग दुसरा. मग सगळेच. मैदानात उतरण्याआधी अख्खा संघ सिमेंटवर पाय आपटत उभा राहावा, तसे. दार आतून फुगलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी कडी दाबून धरली.

"पोरी, जरा धर गं," त्यांचा आवाज चिरकला. "कडी धर ना!"

"कपाट क्लबचं, मास्तर," धाकटी म्हणाली. "हात तुमचे."

ती मैदानात आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. निवड करायला आलेल्या बाईंनी दोनदा मागे पाहिलं, मास्तरांची खुर्ची रिकामीच होती. शेवटी त्यांनीच शिट्टी वाजवली.

धाकटीला बाहेर बसवायला कुणी आलं नाही.