मरून पिशवीतले नाव

मित्रांनो, चारचाकी गाडीत पुढच्या डाव्या जागेवर बसलात की गुडघ्यांसमोर झाकणाचा एक कप्पा दिसतो. त्यात टोलच्या पावत्या, बडीशेपेची पुडी, चष्म्याचं रिकामं घर आणि न उठणारं एक पेन असतं. या सगळ्या पसाऱ्याच्या तळाशी मी असते. मी एक जुनी रेक्झिनची पिशवी आहे. रंग मरून, तोंडाला चेन, आणि पोटात गाडीचे कागद. ते पेन स्वतःला फार शहाणं समजतं, पण पोलिसाने हात केला की सगळे शोधतात ते मलाच.

माझा जन्म कोल्हापुरात सीट कव्हर शिवणाऱ्या एका दुकानात झाला. मोठी कव्हरं शिवून उरलेल्या तुकड्यांतून माझ्यासारख्या दोनशे जणी तयार झाल्या. शाहूपुरीत विमा एजंट असलेले आण्णा आम्हाला घेऊन गेले. ते नव्या गिऱ्हाइकाला पॉलिसीबरोबर एक पिशवी भेट द्यायचे. माझ्या पाठीवर त्यांचं नाव आणि फोन नंबर सोनेरी अक्षरांत छापला होता. आता त्यातले शेवटचे तीन आकडे तेवढे उरले आहेत, आणि त्या तीन आकड्यांवर आण्णांना फोन लागत नाही.

मी गेले ती बिद्रीच्या भाऊसोंच्या घरी. भाऊसो साखर कारखान्यात फिटर होते. त्यांनी चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, छोटी पांढरी गाडी दारात आणली. आळीतली ती पहिलीच चारचाकी. त्यांची बायको आक्काताई गाडीभोवती तीनदा फिरल्या आणि म्हणाल्या, "एवढी पांढरी कशाला घेतली? धुवायची कुणी?" त्यानंतर दहा वर्षं ती त्यांनीच धुतली.

विमा दर वर्षी नवा करावा लागतो. आमच्या घरी त्याचा दिवसही चौदा एप्रिल. सकाळी बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून झाला की आण्णांनी दिलेला नवा कागद आक्काताई हातात घ्यायच्या. कागद इंग्रजी. आक्काताईंना इंग्रजी येत नव्हतं, पण भाऊसोंनी त्यांना स्वतःच्या नावाची सहा इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकवली होती. त्या अक्षरांखालून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हितं हाईत बघा तुम्ही." मग कागद माझ्या पोटात आणि पेढा भाऊसोंच्या तोंडात. मला पेढा कधी कुणी दिला नाही, पण एकदा कागदाला चिकटून थोडी साखर आत आली होती.

भाऊसोंइतकी जपून गाडी चालवणारा माणूस मी पाहिला नाही. रस्त्यात कोंबडी आली तरी ते थांबायचे. मागचा ट्रक हॉर्न मारून मारून दमायचा. लेक साक्षी मागच्या सीटवरून वैतागून म्हणायची, "पप्पा, कोंबडीला कळतंय की, ती सरकती!" आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात; भाऊसो म्हणायचे, "तिला कळतंय, खरं मला कळतंय का ते तिला ठाव न्हाय." दहा वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, आणि विमा कंपनीकडे भरपाई मागायची वेळही कधी आली नाही.

मग एका जानेवारीत भाऊसो गेले. झोपेतच गेले. गाडी दारात महिनाभर उभी राहिली. कप्प्याचं झाकण कुणी उघडलं नाही. आक्काताई मात्र रोज सकाळी गाडी पुसत होत्या. आतून मला फडक्याचा आवाज यायचा आणि मला फार वाईट वाटायचं.

एप्रिल आला तेव्हा आण्णा घरी आले. ते चाचरत म्हणाले, "वैनी, आता गाडी तुमच्या नाहीतर साक्षीच्या नावावर करून घ्याय पायजे. विमा बी मग त्याच नावानं."

आक्काताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "घरपट्टीवरनं नाव गेलं. रेशनकार्डावरनं गेलं. एवढा एक कागद ऱ्हायलाय, आण्णा. त्यावर ऱ्हाऊ द्या की."

आण्णा आणि भाऊसो शाळेपासूनचे मित्र. त्यांनी चहा गार होऊ दिला, आणि दोन दिवसांनी कागद आणला तो भाऊसोंच्याच नावाचा. आक्काताईंनी बोट फिरवलं. "हितं हाईत," म्हणाल्या आणि तो कागद माझ्या हवाली केला. मित्रांनो, मी दहा वर्षं कागद सांभाळले आहेत. तो कागद आत येताच मला कळलं की हा नुसता दिसायला कागद आहे. गेलेल्या माणसाच्या नावाचा विमा अडचणीच्या वेळी उभा राहत नाही. पण पिशवीला तोंड असूनही बोलता येत नाही, हा आमच्या जातीचा शापच म्हणा.

जूनमध्ये साक्षीला धारवाडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली. आईला बरोबर न्यायचं ठरलं, आणि आई म्हणाली, "गाडी येणार असली तर मी येतो." मग सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजारचे अमरसिंह म्हणाले, "कर्नाटकात आपला इन्शुरन्स चालत न्हाय. गाडी इकून टाका आणि तिकडं दुसरी घ्या." हे ऐकून पांढरी गाडी दोन दिवस नीट सुरूच होईना.

साक्षीने आण्णांना फोन केला. आण्णा म्हणाले, "कोण म्हणतंय चालत न्हाय? विमा आख्ख्या देशात चालतोय. कंपनीला नवा पत्ता कळवायचा. हितल्या आरटीओचा ना हरकत दाखला घ्यायचा, तिकडचा कर भरायचा आणि वर्षाच्या आत तिकडचा नंबर घ्यायचा. झालं." नावाचंही सांगायला हवं होतं, ते त्यांनी गिळलं. साक्षीला वाटलं, आण्णांनी एप्रिलमध्येच सगळं करून दिलंय. आक्काताईंनी तिला काही सांगितलं नव्हतं.

घर बघायला म्हणून मायलेकी धारवाडला निघाल्या. मुदाळ तिट्टा मागे पडला, राज्याची हद्द ओलांडली आणि निपाणीजवळच्या वळणावर ते घडलं. समोरून दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल आली. साक्षीने ब्रेक दाबला, पण गाडीचा कोपरा किटलीला लागलाच. मोटरसायकल आडवी झाली आणि रस्त्यावर दूधच दूध झालं. चालवणारा पाय धरून खाली बसला.

आक्काताई चप्पल न घालताच उतरल्या. "कुठं लागलं, बाळा? कुठं लागलं?"

"घोट्याला लागलंय. खरं मावशी, दूध गेलं की सगळं!"

तेवढ्यात हवालदार आले. त्यांनी आधी त्या माणसाला रिक्षात बसवून दवाखान्यात धाडलं, मग कागद मागितले. साक्षीने माझी चेन उघडली. हवालदारांनी विम्याचा कागद वाचला.

"भाऊसो कोण?"

"माझं मालक," आक्काताई म्हणाल्या.

"कुठं हाईत? बोलवून घ्या."

आक्काताईंनी पदर घट्ट धरला. "घरात हाईत."

मित्रांनो, आक्काताई कधी खोटं बोलत नाहीत. बाजारात भाजीवालीने चुकून जास्त वांगी दिली तर परत द्यायला जाणारी बाई ती. त्या दोन शब्दांनी माझी शिवण उसवल्यासारखी झाली. साक्षीने आईकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, आणि तिला सगळं उमगलं.

"साहेब," ती हळू म्हणाली, "पप्पा जानेवारीत वारले."

हवालदारांनी टोपी काढली. ते रागावले नाहीत. रस्त्याच्या कडेला आक्काताईंना बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "मावशी, लागलंय थोडकंच, म्हणून बरं. त्याचा पाय मोडला असता तर? त्याच्या बायकापोरांनी भरपाई मागितली असती. कंपनीनं इचारलं असतं, आमचा करार भाऊसोंसंगं हाय, त्यास्नी बोलवा. कुठनं बोलवणार हुता? त्या गरिबाला कोर्टाच्या पायऱ्या चढत बसाय लागलं असतं."

आक्काताई रस्त्यावर पसरलेल्या दुधाकडे बघत राहिल्या. मग दवाखान्यात गेल्या, त्या माणसाच्या पायाचा फोटो काढून होईपर्यंत बाकावर बसल्या. हाड शाबूत होतं. दुधाचे आणि औषधाचे पैसे त्यांनी स्वतःच्या बटव्यातून दिले. परत येताना गाडीत साक्षी म्हणाली, "आई, मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू नाव काढलं असतंस."

निपाणी मागे पडल्यावर आक्काताईच म्हणाल्या, "ह्येंनी कोंबडीला कधी धक्का लावला न्हाय. आणि मी ह्येंचं नाव धरून बसलो म्हणून कुणाच्या तरी घरचा माणूस उघड्यावर पडला असता. त्यास्नी हे आवडलं नसतं. काढ नाव, साक्षी."

हे सांगताना त्या रडत होत्या. मीही रडले असते, पण कागद भिजले असते.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीत मायलेकींना दारात बघून आण्णा उठून उभेच राहिले. "वैनी, चूक तुमची न्हाय. मी धंद्यातला माणूस, मला सगळं ठाव हुतं. खरं भाऊसोचं नाव खोडाय माझाच हात उचलंना." दोघं जण एकमेकांसमोर मान खाली घालून बसले. साक्षीनेच मग पेन मागितलं. माझ्याबरोबर कप्प्यातून आणलेलं पेन तिने आधी घेऊन पाहिलं. अर्थातच ते उठलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मी फुगून टम्म झाले होते. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, आक्काताईंची संमती, फॉर्मवर फॉर्म. आधी गाडी साक्षीच्या नावावर झाली, मग विमा. कंपनीने दहा प्रश्न विचारले, आण्णांनी झाला प्रकार न लपवता लिहून दिला. ते निस्तरल्यावर ना हरकत दाखला आला आणि धारवाडचा पत्ता कळवून झाला. प्रत्येक सहीच्या वेळी आक्काताई एवढंच म्हणायच्या, "कर तू. मला दावू नको."

एक गोष्ट मात्र आण्णांनी घरी येऊन सांगितली. "वैनी, दहा वर्सांत भाऊसोनं भरपाई मागितली न्हाय, म्हणून हप्त्यात मोठी सूट मिळत हुती. गाडी परक्याला इकली असती तर ती सूट त्याला मिळाली नसती. खरं वारसानं लेकीकडं गेली तर लेकीला मिळती. कंपनीनं ती साक्षीला दिली."

आक्काताईंनी दोनदा विचारलं, "म्हंजे ह्येंनी जपून चालवलेलं पोरीच्या नावावर चढलं?"

"व्हय."

"मग कोंबडीला थांबत हुते ते फुकट न्हाय गेलं," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या.

आता आम्ही धारवाडला असतो. गाडीला कर्नाटकाचा नंबर मिळाला आहे. कप्प्यात बडीशेपेच्या पुडीशेजारी धारवाडच्या पेढ्याचा रिकामा खोका आला आहे. साक्षी सगळे कागद मोबाईलमध्ये ठेवते. एकदा तिने मला उचलून म्हटलं, "आई, हिची चेन पण गेली. टाकू का?" माझ्या अंगावर काटा आला. आक्काताईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं, डब्यातून सुई-दोरा आणला आणि चेन परत शिवली. दोरा पांढरा होता. मरून रेक्झिनवर तो शोभत नाही, पण मला माझा तो टाका फार आवडतो.

मग चौदा एप्रिल आला. साक्षीने नवी पॉलिसी मोबाईलवर घेतली, आणि थोडा विचार करून कोपऱ्यावरच्या दुकानातून तिची प्रत काढून आणली. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून झाला. तिने कागद आईसमोर धरला.

आक्काताईंनी मान फिरवली. "ठेव तूच पिशवीत."

"आई, तूच ठेवतेस ना दर वर्षी."

नाइलाजाने त्यांनी कागद घेतला. सवयीने बोट नावाच्या ओळीवर गेलं. पहिला शब्द त्यांच्या ओळखीचा नव्हता. बोट तसंच पुढे सरकलं, आणि थांबलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. एकेक अक्षर ओळखून मोजलं. सहा. आपल्याकडे लेकीच्या नावामागे बापाचं नाव लागतं, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि तरी एकदाही सुचलं नव्हतं. साक्षीचं नाव आणि आडनाव यांच्यामध्ये, भाऊसो आपल्या जागेवर होते.

"हितंच हाईत की," आक्काताई म्हणाल्या. आणि या वेळी ते खोटं नव्हतं.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरातलं माणूस गेलं की त्याची आठवण हवी तेवढी जपा, पण त्याच्या नावाचे कागद वेळेवर जित्या माणसाच्या नावावर करा. दूर राहायला गेलात तर नवा पत्ता कळवा. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचीही काळजी त्या कागदात असते. आणि घरात एखादी जुनी पिशवी असेल, तर टाकण्याआधी तिची चेन एकदा उघडून बघा. माझ्यात आज नवा विमा आहे, पांढऱ्या दोऱ्याचा टाका आहे, आणि कागदाला चिकटलेली पेढ्याची थोडी साखर आहे. या वर्षी साक्षीला पेढा भरवून आक्काताईंनी हात पुसलेच नव्हते.